साठ मिनिटांची कॅसेट

उमेरला मी ग्रुपमधून काढलं तेव्हा रविवार सकाळचे पावणेबारा वाजले होते आणि गॅसवर दूध होतं. दूध उतू गेलं. मी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही, इतका राग आला होता.

राग येणं ही माझी जुनी सवय. एकतीस वर्षं मी रत्नागिरीतल्या एका शाळेत गणित शिकवलं. उत्तर बरोबर आणि रीत चुकलेली असली तर मी निम्मे गुण कापत असे. निवृत्त झाल्यावर कापायला गुण उरले नाहीत म्हणून मी हा ग्रुप काढला, असं माझी बहीण म्हणते. म्हणू दे. तिला एक गाणं संपायच्या आत दुसरं लावायची घाई असते.

ग्रुपचं नाव ‘दोन्ही बाजू’. मी आणि राजिवड्याचे रशीदभाई, आम्ही दोघांनी तो सुरू केला. आता अकरा जण आहेत. दर रविवारी दुपारी बाराच्या आत प्रत्येकाने सध्या ऐकत असलेला एक अल्बम टाकायचा. तो आख्खा ऐकलेला हवा. पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रम न बदलता, एका बैठकीत. भाजी चिरताना ऐकलेला चालत नाही. वर मुखपृष्ठाचा फोटो आणि खाली तीन ओळी: कोणता अल्बम, कुठे बसून ऐकला आणि काय आवडलं नाही. आवडलेलं लिहायचं नाही. आवडलं म्हणायला काय लागतं? न ऐकताही म्हणता येतं. नावड सांगायची तर मात्र कान द्यावा लागतो.

‘कुठे बसून’ ही ओळ रशीदभाईंची. त्यांनी कुवेतमध्ये बावीस वर्षं एसी दुरुस्त केले. तिथे सहा जणांच्या खोलीत खाटेवर बसून ऐकलेलं गाणं आणि इथे घरी खाडीकडे तोंड करून ऐकलेलं तेच गाणं, ही दोन वेगळी गाणी असतात, असं त्यांचं म्हणणं. मला पटलं. पालीचे आप्पा दर रविवारी नाट्यसंगीताची तीच जुनी रेकॉर्ड टाकतात आणि खाली लिहितात, ‘कलमांच्या बागेत, खुर्चीत. आवडलं नाही ते: माकडं.’ आप्पा ब्याऐंशी वर्षांचे आहेत, त्यांना मी काही बोलत नाही.

उमेर रशीदभाईंचा भाचा आणि माझा जुना विद्यार्थी. जहाजावर इलेक्ट्रिशियन आहे. त्याची पोस्ट कधी चुकली नाही, पण ‘कुठे बसून’ या ओळीत तो भलतंच काही घुसडायचा. ‘इंजिनरूमच्या जिन्यावर, पोटभर जेवून.’ ‘मागच्या डेकवर, खोकला गेल्यावर.’ मी एकदा सगळ्यांसमोर लिहिलं, ‘जागा लिही, दिनक्रम नको.’ पुढच्या रविवारी त्याने नुसती जागा लिहिली. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा, ‘पायऱ्यांवर, जेवून.’ एका शब्दासाठी कुठे डोकं लावा, म्हणून मी सोडून दिलं.

त्या रविवारी त्याने माझा अल्बम टाकला. माझा म्हणजे माझ्या जिवाचा. एक सरोद, दोन राग, एका बाजूला एक. चौऱ्याण्णव साली रशीदभाई सुट्टीवर आले तेव्हा कुवेतच्या खोलीतल्या कोणाच्या तरी सीडीवरून कॅसेट भरून त्यांनी माझ्यासाठी आणली होती. तीस वर्षं मी ती ऐकतेय. दुसऱ्या बाजूला तर नुसती आलापी आहे, अर्धा तास, आणि शेवट असा की ऐकणाऱ्याने जागेवर बसून राहावं. वाजवणारा निषादावर येतो आणि तिथेच सोडून देतो. वरच्या षड्जाला, घरच्या ‘सा’ला, जातच नाही. दार समोर असताना उंबऱ्यावर थांबावं तसा थांबतो. केवढी हिंमत, असं मी कितीदा तरी लोकांना सांगितलं. ग्रुपवर त्यावर तीन लांबलचक मेसेज लिहिलेत. कधीही बेचैन झाले की मी ती बाजू लावायची, आणि संपल्यावर आणखी बेचैन व्हायची, आणि त्यालाच मी उच्च अभिरुची समजत होते.

आणि उमेरने खाली लिहिलं होतं, ‘आवडलं नाही ते: दुसऱ्या बाजूला तबला सुरू झाला की फार पुढे येतो. सरोद मागे पडतो.’

तबला! दुसऱ्या बाजूला तबला नाहीच. पोराने ऐकलाच नव्हता, कुठेतरी वाचून ठोकून दिलं होतं, आणि तेही माझ्याच अल्बमवर. मी लिहिलं, ‘उमेर, दुसऱ्या बाजूला तबला नाही. दहावीत तू कॉपी करताना सापडला नव्हतास. आज सापडलास.’ आणि त्याने उत्तर द्यायच्या आत काढून टाकलं. आप्पांनी नमस्काराचे हात टाकले. ते सगळ्यालाच टाकतात. बाकी कोणी चकार शब्द काढला नाही.

पाच मिनिटांनी उमेरचा मला वेगळा मेसेज आला. ‘बाई, तबला आहे.’ मी उत्तर दिलं नाही.

पुढचे दोन रविवार रशीदभाईंनी अल्बम टाकला, पण तीन ओळींच्या वर एक अक्षर लिहिलं नाही. भाच्याला काढल्याचा राग आला असेल, म्हटलं. तिसऱ्या रविवारी सकाळी मांडवीला माझ्या फाटकाशी रिक्षा थांबली आणि रशीदभाईंची बहीण, उमेरची आई हाजरा, पडवीत येऊन उभी राहिली. ऑक्टोबरची तलखी होती, समुद्र समोर असून पान हलत नव्हतं. डोक्यावरची ओढणी सारखी करत ती म्हणाली, “बाई, माझ्या पोराने काय चोरी केलीन?”

मी म्हटलं, “चोरी कशाची? बसा तरी.”

“मग त्याला काढलात का?”

मी तबल्याचं सांगायला लागले. तिने दोन वाक्यं ऐकून घेतली आणि हाताने थांबवलं. “ता मला कळत नाय. मला एवढाच सांगा, तो बरा आहे काय?”

“मला कसं ठाऊक असणार? तुमचा मुलगा आहे.”

तेव्हा ती बसली. खुर्चीच्या अगदी कडेला, उठायच्या तयारीत असल्यासारखी, आणि भराभर बोलली. उमेरचे वडील बोटीवर गेले आणि परत आले नाहीत, तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याला इथे एमआयडीसीत चांगली नोकरी लागली होती. ती सोडून तो जहाजावर निघाला तेव्हा तिने सांगितलं, चढलास तर मला फोन करू नको. त्याने केला नाही. चौदा महिने झाले. मधे मुंबईला उतरला, महिनाभर मित्राकडे राहिला आणि तिथूनच दुसऱ्या जहाजावर चढला. मामूने आईची बाजू घेतली म्हणून मामूशीही बोलणं बंद. उरला हा आमचा ग्रुप. दर रविवारी बारा वाजले की रशीदभाई बहिणीच्या स्वयंपाकघरात जाऊन उमेरच्या तीन ओळी वाचून दाखवायचे. अल्बम कुठला, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. ती मधल्या ओळीसाठी थांबायची.

“तुमी त्याला लिहिलंत ना, जेवणाचा लिहू नको म्हणून? त्या आठवड्यात मी तुमाला खूप शिव्या घातल्या,” ती म्हणाली. “मग त्याने परत लिहिलंन, जेवून. मग माफ केला.”

पोटभर जेवून. खोकला गेल्यावर. मी शिक्षिका असून मला ती ओळ वाचता आली नव्हती. तो ग्रुपला लिहीतच नव्हता, आईला लिहीत होता. आणि मी लाल शाईने त्यावर काट मारून, वर पोस्टमनलाच हाकलून दिलं होतं.

“दोन रविवार रशीद सांगत होता, नेट नसेल,” हाजरा म्हणाली. “काल खरा बोलला. मी विचारला, तू बाईंना का नाय सांगितलास? तर म्हणतो, त्यांच्यापुढे कोण बोलणार.”

मी तिच्यासमोरच उमेरला ग्रुपमध्ये परत घेतलं. त्याला वेगळं लिहिलं, ‘उमेर, मी घाई केली. आई काळजीत आहे. एक ओळ लिही.’ एकच टिक आली. आम्ही दोघी त्या खुणेकडे बघत बसलो.

“एक म्हंजे?”

“पोचलं नाही अजून.”

“कधी पोचेल?”

“नेट आलं की.”

“नि नेट कधी येल?”

त्याचा फोटो दिसत होता, म्हणजे त्याने मला ब्लॉक केलं नव्हतं, एवढाच काय तो आधार. शेवटचा मेसेज तीन आठवड्यांपूर्वीचा. बाई, तबला आहे.

हाजरा उठली, फाटकापर्यंत गेली आणि परत आली. “तो शेवटचा काय ऐकत होता? मला ऐकवा.”

मी कपाटातून कॅसेट काढली. ती म्हणाली, “त्याने फोनवर ऐकलान ना? मग फोनवरच लावा. तसाच ऐकायचा आहे मला.”

फोनवर संगीत ऐकणाऱ्यांबद्दल माझं मत ग्रुपमधल्या सगळ्यांना पाठ आहे. पण तिच्यापुढे ते काढायची माझी छाती झाली नाही. अल्बम शोधला, सापडला, छोटा स्पीकर जोडला. पहिली बाजू संपली तरी ती तशीच ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. माझंच चित्त ठिकाणावर नव्हतं. दर दोन मिनिटांनी मी टिक बघत होते. दुसरी बाजू लागली. मला तिचा सूर न् सूर पाठ. आता अमुक मींड, आता तमुक. सरोद हळूहळू वर चढला, निषादावर आला, थांबला. मी स्पीकरकडे हात नेला. “संपलं,” म्हटलं.

“थांबा,” हाजरा म्हणाली. “चाललाय की अजून.”

आणि षड्ज आला.

इतका सरळ, इतका साधा, घरचं माणूस आत यावं तसा आला. त्यावर एक श्वास थांबून सरोदाने बंदिशीचा मुखडा धरला आणि तबला सुरू झाला. खणखणीत तबला. पुढे आलेला तबला. सरोद खरोखरच मागे पडत होता.

दहा मिनिटं तो तबला वाजत राहिला आणि मी मान खाली घालून ऐकत राहिले. आख्खा अल्बम ऐका, आख्खा ऐका, म्हणून जगाला दटावणारी मी. मी एकदाही तो आख्खा ऐकला नव्हता. कॅसेट साठ मिनिटांची होती, एका बाजूला तीस. दुसरा राग चाळीस मिनिटांचा. फीत संपली तिथे माझा राग संपला, आणि मी त्या संपलेल्या फितीला हिंमत, अभिरुची, काय काय नावं दिली. ती हिंमत नव्हती, तो प्लॅस्टिकचा तुकडा होता.

मी रशीदभाईंना फोन लावला. “चौऱ्याण्णव सालची सरोदाची कॅसेट. साठची होती?”

“साठचीच असेल. कुवेतला शुक्रवारी सुट्टी, त्या दिवशी नव्वदची मिळाली नव्हती. का हो?”

“मी तुम्हाला निषादाचं किती वेळा सांगितलंय!”

“सांगितलंत की. मला वाटला, तुमी म्हणताय तर तसा असेल,” ते म्हणाले. “मालिनीताई, मला सरोदातला काय कळता?”

फोन ठेवून मी हाजराला सगळं सांगितलं. शब्द न चोरता सांगितलं. ती विचार करून म्हणाली, “म्हंजे माझा पोर खरा बोलत होता.”

“हो.”

“नि तुमी तीस वर्षं अर्धाच ऐकलात.”

“पाऊण,” मी म्हटलं. जित्याची खोड. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच फोन उचलला. बारा वाजायला चार मिनिटं होती. ग्रुपवर लिहिलं, ‘अल्बम: तोच, सरोदाचा. कुठे बसून: माझ्या पडवीत, उमेरच्या आईशेजारी. आवडलं नाही ते: मी उमेरला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. तो खरा होता, मी चुकले. तबला आहे आणि फार पुढे आहे.’ लिहिताना कान तापले. पाठवल्यावर जरा बरं वाटलं, पण जराच. ज्याने वाचायला हवं होतं तो वाचत नव्हता.

हाजराने आपला फोन पिशवीतून काढला. “माझा आवाज पाठवता येल काय त्याला?”

“येईल. पण तुम्ही तर बोलणार नव्हतात.”

“मी सांगितला, तू फोन करू नको. मी करणार नाय असा कुठे सांगितला?”

“हे चौदा महिन्यांनी लक्षात आलं?” माझी जीभ ती माझी जीभच.

“तुमाला तीस वर्षं लागली,” ती म्हणाली.

मी बटण दाबून फोन तिच्या तोंडाशी धरला. ती एकदा खाकरली आणि मग एका दमात बोलली. “उमेर, मी हाय. तुझा ता सरोद ऐकला, आख्खा. बाईंच्या पडवीत बसून. बाई चुकल्या, तू नाय. आवडला नाय ता सांगू? तू मुंबईपर्यंत आलास नि घरी नाय आलास. ता आवडला नाय. मी पण चुकले. जेवलास काय?” सत्तावीस सेकंद. एक टिक.

त्यानंतरचे सहा दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. मी एकही अल्बम लावला नाही. लावला असता तरी ऐकला नसता. पेपर उघडला की आधी जहाजाच्या अपघाताची बातमी शोधायची, सापडली नाही की बरं वाटायचं, मग वाटायचं की अजून आलीच नसेल. अंघोळीला जाताना फोन मोरीच्या कट्ट्यावर ठेवायची. दोनदा जेट्टीपर्यंत चालत गेले, तिथून काय दिसणार होतं? मुलाचं काही बरंवाईट झालं तर? शेवटचं बोलणं काय झालं होतं त्याच्याशी? कॉपी करताना सापडलास. हे वाक्य डोक्यातून हलेना. मला आजवर पुष्कळदा वाईट वाटलंय, पण स्वतःची लाज अशी वाटली नव्हती.

हाजरा रोज चारला यायची. तिच्या घरी चैन पडत नाही म्हणायची. माझ्याकडे तरी कुठे पडत होती? येताना काहीतरी आणायची, कधी केळी, एकदा सांदणं. आम्ही पडवीत बसायचो, मधे तिचा फोन. ती मला विचारायची, निषाद म्हणजे काय, आणि मी गाऊन दाखवायची. “नि पुढचा?” ती म्हणायची. मी षड्ज गायची. “हां, हा आला की बरा वाटता,” म्हणायची. गुरुवारी रशीदभाई आले, म्हणाले की जहाजाचं नेट बिघडलं की आठ-आठ दिवस बंद राहतं. दोघींनीही मान हलवली. विश्वास एकीचाही बसला नाही.

शनिवारी चार वाजून दहा मिनिटांनी हाजराचा फोन वाजला नाही, माझा वाजला. ग्रुपवर उमेर. मी चष्मा शोधेपर्यंत तिने माझा दंड धरून ठेवला होता.

“वाचा,” ती म्हणाली. “मधली ओळ आधी वाचा.”

“क्रमाने वाचते,” मी म्हटलं, आणि वाचलं.

‘अल्बम: अम्मीचा आवाज, सत्तावीस सेकंद. आख्खा ऐकला, अकरा वेळा.

कुठे बसून: उभ्यानेच. पोटभर जेवून.

आवडलं नाही ते: लवकर संपला.’

पोस्ट एक दिवस लवकर होती आणि बैठक झालेली नव्हती. मी गुण कापले नाहीत. चष्मा लावूनही मला अक्षरं दिसत नव्हती. खाली आप्पांनी नमस्काराचे हात टाकले.

हाजराने ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं आणि एकदम चिडून म्हणाली, “उभ्याने कशाला ऐकतो? दिवसभर उभाच असतो तो. बस म्हणावा त्याला.”

“तुम्हीच सांगा,” मी म्हटलं.

तिने आपला फोन घेतला, त्याच्या नावावर बोट ठेवलं. पलीकडे रिंग गेली, एकदा, दोनदा, आणि मागे इंजिनाची घरघर असलेला एक आवाज म्हणाला, “अम्मी?”

हाजरा खुर्चीत मागे टेकली. म्हणाली, “बस आधी.”